सखूमावशीच्या पाच टोपल्या

मुलांनो, जरा माझ्याबरोबर चला. डोळे मिटलेत तर जास्त बरं. समजा, वैशाखातली सकाळ आहे. सहाच वाजलेत, पण ऊन आत्ताच अंगणात येऊन बसलंय. समजा, तुमच्या घरामागे एक लांबलचक गोठा आहे, त्यात वीस गाई बांधल्या आहेत आणि वीसही भुकेल्या आहेत. तुम्ही दार उघडून नुसतं पाऊल बाहेर टाकता आणि वीस माना एकदम तुमच्याकडे वळतात. चाळीस डोळे, आणि चाळीस कान पुढे झालेले. आता तुम्ही काय कराल? त्यांना खायला घालाल, हे ठीकच. पण किती घालाल? कमी पडलं तर दूध आटेल, जास्त झालं तर पोट फुगेल. ते किती, हे कोण ठरवणार?

इंदूरहून धारला जाताना, बेटम्याच्या थोडं अलीकडे, रस्त्यापासून आत, स्वानंदीच्या घरी हे वीस वर्षं सखूमावशी ठरवत आली होती.

सखूमावशी म्हणजे हडकुळी, उंच, कायम पदर खोचलेली बाई. स्वानंदीच्या बाबांच्या बाबांनी गोठा सुरू केला तेव्हापासून ती कामाला. खुराक टोपलीत भरताना ती कधी मोजत नसे. टोपली खुराकाच्या ढिगात खुपसायची, एक हिसका द्यायची, वर आलेलं कोपरानं निपटून टाकायची, झाली टोपली. वीस गाईंना पाच टोपल्या. खुराक म्हणजे भरडलेला मका, सरकीची पेंड आणि हरभऱ्याची चुनी, एकत्र कालवलेली. त्याच्या जोडीला गव्हाचा भुसा आणि खड्ड्यात दाबून मुरवलेला मका, ज्याला मुरघास म्हणतात. भुसा पोट भरायला, मुरघास चवीला, आणि दूध खुराकातून, असं सखूमावशीचं साधं गणित.

मग अक्षय्य तृतीयेला मशीन आलं.

स्वानंदीचे बाबा, अच्युत, तीन वर्षांपूर्वीपर्यंत पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीला होते. नोकरी सोडून ते गोठ्यात आले, पण कारखाना काही त्यांच्यातून गेला नाही. इंदूरच्या लालबाग मैदानावरच्या मेळ्यात त्यांनी ते मशीन पाहिलं आणि घरी येऊन दोन दिवस दुसरं काही बोलले नाहीत. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा मोठा लोखंडी हौद, आत फिरणारी पाती, सगळा चारा एकजीव करणारी. आणि हौदाच्या खाली, चार कोपऱ्यांना, काटा. हौदात काही पडलं की बाजूच्या पेटीवर लाल आकडे धावायचे.

"आता अंदाज-बिंदाज बंद," बाबा म्हणाले. "भुसा साठ किलो, खुराक शंभर, मुरघास चारशे. मी आत फीड करून ठेवलंय. साठ झाले की पीं वाजणार, आकडा आपोआप शून्य, मग खुराक. शंभर झाले की पीं, परत शून्य, मग मुरघास. शेवटी टोटल पाचशे साठ. एक किलो इकडे नाही, एक किलो तिकडे नाही. एकदम परफेक्ट."

"और भिया, अपन को क्या करना?" ट्रॅक्टर चालवणाऱ्या देवकरणनं विचारलं.

"पीं ऐकायची. पीं झाली की हात थांबला पाहिजे. बस."

"बस पीं सुननी है," देवकरण सखूमावशीला म्हणाला. "ये तो बकरी भी कर ले."

मशीनची पूजा झाली. आईनं, म्हणजे शैलजानं, नारळ फोडला, हौदाला झेंडूचा हार घातला. मशीनबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीसकट देवघरात ठेवलं, त्यावर हळदकुंकू वाहिलं, आणि ते तिथेच राहिलं. स्वानंदी नऊ वर्षांची. तिच्या वाट्याला स्वस्तिक आलं. तिनं शेंदूर तेलात कालवला आणि हौदाला जिथून पायऱ्या चढायच्या, तिथल्या गुळगुळीत पत्र्यावर दोन वीतभर स्वस्तिक काढलं. चांगलं जाड काढलं. चार ठिपकेही दिले.

दुसऱ्या दिवसापासून काम नव्या पद्धतीनं सुरू झालं. मशीन बंद ठेवून, किल्ली बाबांच्या खिशात घालून, हौद भरायचा. भुसा ढिगावरून सरळ आत ढकलता यायचा. मुरघास खड्ड्याच्या काठावरून दाताळ्यानं फेकता यायचा. पण खुराकाची खोली दुसऱ्या बाजूला होती आणि हौदाची कड देवकरणच्या डोक्याहून उंच. म्हणून सखूमावशी हौदाच्या पायरीवर चढून उभी राहायची, देवकरण खालून टोपली द्यायचा, ती आत उलटी करायची.

एक टोपली गेली. दुसरी गेली. तिसरी तिनं हातात घेतली आणि पेटी वाजली. पीं.

"थांबा," बाबा म्हणाले.

"दादा, दोनच गेल्या. ही तिसरी."

"पीं झाली ना? शंभर किलो झाले. ती परत द्या खाली."

सखूमावशीनं भरलेली टोपली खाली दिली, पायरीवरून उतरली आणि खड्ड्याकडे गेली. शेवटी पेटीवर टोटल आली ती बरोबर पाचशे साठ. बाबांनी मोबाइलवर त्या आकड्याचा फोटो काढला, आणि पुढे रोज काढत राहिले.

चार दिवसांत दुधाचे पाच कॅन साडेचारावर आले. "उकाडा आहे," बाबा म्हणाले. आठव्या दिवशी चारच भरले. उकाडा होताच, खोटं नाही. दुपारी गोठ्याच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसायचा, आणि आईनं गाईंच्या पाठीवर ओली पोती टाकायला सुरुवात केली होती. पण मागच्या वैशाखातही ऊन हेच होतं आणि पाच कॅन भरत होते. हे आई बोलली, एकदाच, कॅनचं झाकण लावता लावता. बाबांनी ऐकलं नाही, किंवा ऐकूनही ऐकलं नाही.

गुरुवारी सकाळी गौरी गाय गव्हाणीत तोंड घालून नुसतं हुंगत उभी राहिली. सखूमावशीनं तिच्यासमोरचा चारा मुठीत उचलून नाकाशी नेला, बोटांनी चुरला, मग मूठ बाबांसमोर धरली.

"बघा. ह्यात पेंड कुठंय? गाई उपाशी नाहीत दादा, पोट भरतंय त्यांचं. पण खुराक नाही मिळत. पाच टोपल्या जात होत्या, आता दोन जातात. दूध कुठून येणार, नळातून?"

बाबांचा आदल्या रात्रीपासून मूड बरा नव्हता. ते म्हणाले, "सखूबाई, टोपलीला काही माप असतं का? तुमची टोपली पन्नास किलोची असेल. म्हणजे एवढी वर्षं आपण अडीचपट खुराक ओतत होतो. काटा इलेक्ट्रॉनिक आहे, तो कशाला खोटं बोलेल?"

"पन्नास किलो मी उचलते?" सखूमावशी म्हणाली. "मग मला इंदूरला नेऊन कुस्तीला उभी करा."

देवकरण हसला. बाबा हसले नाहीत. "मी एवढंच म्हणतोय की अंदाज तो अंदाज. वीस वर्षं चुकीचा असू शकतो."

सखूमावशीनं मुठीतला चारा गौरीच्या पुढ्यात परत ठेवला. हात पदराला पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिली. मग आईकडे वळून म्हणाली, "वहिनी, रविवारी मी देपालपूरला लेकीकडे जाते. ती कधीची बोलावतीये. आता इथं माझं काय काम? पीं तर बकरीलापण ऐकू येते."

"किती दिवस?" आईनं विचारलं.

सखूमावशी रिकाम्या टोपल्या एकात एक घालायला लागली.

स्वानंदी गव्हाणीच्या कठड्यावर बसून हे ऐकत होती. सखूमावशीनंच तिला वासराला बोट चोखायला द्यायला शिकवलं होतं, शेणाच्या रंगावरून गाईचं पोट ओळखायला शिकवलं होतं. तिला 'नंदी' म्हणून हाक मारणारी जगात ती एकटीच. शाळेत कुणी तसं म्हटलं असतं तर स्वानंदीनं मारलं असतं.

"मावशी, तू खरंच जाणार?"

"माझी टोपली खोटी म्हणे," सखूमावशी म्हणाली. "खोट्या टोपलीवाली कशाला हवी?"

आता मुलांनो, स्वानंदी काय रडत बसणारी मुलगी नव्हती. तिला दोन गोष्टी माहीत होत्या. टोपली खरी की खोटी, हे भांडून कळत नाही. आणि शेजारच्या बटाट्याच्या शेडमध्ये पोती मोजायचा मोठा काटा आहे.

शुक्रवारी दुपारी, सुट्टी होतीच, तिनं देवकरणला गाठलं. "काका, एक टोपली खुराक घ्या. सखूमावशी भरेल तशी."

"कायको?"

"चला तर."

सखूमावशीला बोलावलं, तिनं टोपली ढिगात खुपसली, हिसका दिला, कोपरानं निपटली. देवकरणनं ती डोक्यावर घेतली, स्वानंदी पुढे. शेडमध्ये काट्यावर ठेवली. एकवीस. रिकामी टोपली ठेवली. एक. देवकरणनं शीळ घातली. "बीस! बाई, तू तो चलता-फिरता काटा है."

स्वानंदीनं पळत येऊन बाबांना सांगितलं. बाबा जेवत होते. घास हातातच राहिला. ते उठून स्वतः शेडमध्ये गेले, सखूमावशीकडून आणखी दोन टोपल्या भरून घेतल्या. एक वीसची भरली, दुसरी वीसला पावशेर कमी.

"वीस पंचे शंभर," स्वानंदी म्हणाली. "बाबा, मावशीच्या पाच टोपल्या म्हणजे बरोबर शंभर."

"ते कळलं मला," बाबा म्हणाले. "पण मग मशीन..." ते परत येऊन हौदाच्या चारी बाजूंनी फिरले, खाली वाकून काट्याच्या तारा हलवून पाहिल्या. रिकाम्या हौदावर पेटी शून्य दाखवत होती. बाबांनी आत दहा किलोचं मिठाचं पोतं टाकलं. पेटीनं दहा दाखवलं. "बघ. मशीनपण बरोबर आहे."

टोपली बरोबर, मशीन बरोबर, आणि खुराक कमी. हे कसं? तुम्हीही विचार करा, मी घाई करत नाही. बाबांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, सोमवारी येतो.

सोमवार म्हणजे रविवारच्या नंतर.

शनिवारी सखूमावशी कामाला आली, शेण काढलं, पाणी पाजलं, टोपल्याही भरून दिल्या, पण पायरीवर चढायला नाही म्हणाली. "तुमचं मशीन, तुम्ही चढा." बाबा किल्ली आईकडे देऊन बियाण्यांच्या कामाला सकाळीच इंदूरला गेलेले, तेव्हा आई साडी वर खोचून पायरीवर उभी राहिली. एक टोपली आत ओतली. दुसरी हातात घेतली आणि पीं.

देवकरण खालून वर पाहत राहिला. "भाभीजी, आज तो एक में ही हो गया."

"मी काय करू? वाजलं ना," आई म्हणाली आणि उतरली.

मुरघास भरायला सगळे खड्ड्याकडे गेले. स्वानंदी पेटीजवळ रेंगाळली. पेटीवर ऐंशीचा आकडा होता आणि आकड्याच्या आधी एक बारीक आडवी रेघ. तिला वाटलं, काचेवर भुशाची काडी चिकटली आहे. तिनं फ्रॉकच्या टोकानं काच पुसली. रेघ गेली नाही. काचेला चीर पडली असेल, असं म्हणून तिनं सोडून दिलं. पण डोक्यात ते राहिलं. सखूमावशी चढली की दोन टोपल्या. आई चढली की एक. मशीन काय माणूस ओळखतं?

शनिवारी संध्याकाळी चौथा कॅनही गळ्यापर्यंत आला नाही.

रविवारी सकाळी सखूमावशी आली ती गाठोडं घेऊनच. नवं लुगडं नेसलेली. देपालपूरची मॅजिक गाडी आठ वाजता रस्त्यावर येते, म्हणून गोठ्यासमोरच्या लिंबाखाली खाटेवर टेकली. गाठोडं मांडीवर. गौरी दावं ताणून तिच्याकडे मान लांब करत होती आणि ती मुद्दाम दुसरीकडे पाहत होती.

"चला, आज मी चढतो," बाबा म्हणाले. ते सगळ्यांना दाखवणार होते. भुसा भरून झाला, पीं झाली, पेटी शून्यावर आली. बाबा पायरीवर चढले, पाय रोवून उभे राहिले. "दे रे देवकरण."

देवकरणनं पहिली टोपली वर केली. बाबांनी ती धरली. अजून एक दाणाही आत पडला नव्हता.

पीं.

बाबा टोपली छातीशी धरून तसेच उभे. खाटेवरून आवाज आला, "झाले शंभर?"

"भिया," देवकरण शांतपणे म्हणाला, "आज गाय लोग का उपास है क्या? एकादशी तो निकल गई."

आई तोंडाला पदर लावून वळली. तिचे खांदे हलत होते. बाबांचे कान लाल झाले. "खराब आहे मशीन," ते म्हणाले. टोपली खाली देऊन ते उतरले. "परत पाठवतो उद्या. आणि सखूबाई बरोबर होत्या, झालं?"

पण स्वानंदी हसत नव्हती. ती बोटांवर मोजत होती. मावशी, दोन. आई, एक. बाबा, एकही नाही. मावशी बारीक. आई मध्यम. बाबा...

ती पायरीकडे गेली. "काका, पेटी शून्य करा ना."

देवकरणनं बटण दाबून पेटी परत खुराकाच्या शून्यावर आणली. किल्ली बाबांच्याच खिशात होती, मशीन थंड उभं होतं. स्वानंदी खालच्या पायरीवर चढली आणि मान तिरकी करून पेटीकडे पाहिलं. चोवीस. ती खाली उतरली. शून्य. पुन्हा चढली. चोवीस. तीन महिन्यांपूर्वी शाळेत डॉक्टर आले होते, त्यांनी कार्डावर लिहिलेलं तिला पाठ होतं. वजन, चोवीस किलो.

"बाबा," ती पायरीवरूनच म्हणाली, "मशीन मला मोजतंय."

"काय?"

"मशीन चुकत नाहीये. ते सगळ्यांना मोजतंय. जो पायरीवर उभा राहील त्याला खुराक समजतंय. तुम्ही चढा ना एकदा. रिकाम्या हातानं."

बाबा चढले. देवकरणनं आकडा मोठ्यानं वाचला. "बयासी."

"ब्याऐंशी आणि टोपलीचे एकवीस," स्वानंदी म्हणाली, "एकशेतीन. म्हणून आधीच पीं. आई, आता तू..."

"मी अजिबात नाही," आई म्हणाली. "मला माझं वजन माहितीये आणि देवकरणला कळायची काही गरज नाहीये."

"काल रेघ होती ती!" स्वानंदीला एकदम सगळं दिसायला लागलं. "आकड्याआधी रेघ होती, मी काच पुसली. ती काडी नव्हती. वजाबाकीची खूण होती. आई उतरली, टोपली खाली आली, तेवढं कमी झालं. मग तेवढा मुरघास जास्त पडला. म्हणून शेवटी टोटल बरोबर येते. रोज बरोबर येते. खुराकाच्या जागी मुरघास."

बाबा पायरीवरच बसले. कारखान्यात पंधरा वर्षं काम केलेला माणूस, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी मोबाइल काढला, पाचशे साठचे सगळे फोटो एकामागून एक पाहिले, आणि परत खिशात ठेवला.

"मावशी, तू ये," स्वानंदीनं हाक मारली. "तुझं बघू."

"मी कशाला? मी निघालीये."

"एकदाच."

सखूमावशी उठली, कुरकुरत आली आणि गाठोड्यासकट पायरीवर चढली. एकोणपन्नास. स्वानंदीनं गाठोडं तिच्या हातातून घेतलं. सेहेचाळीस.

"तीन किलो गाठोडं," स्वानंदी म्हणाली. "एवढंच घेऊन जाणार होतीस? मग लवकर परत येणार होतीस."

"दोन लुगडी आणि नातवाला शेव," सखूमावशी म्हणाली, आणि पेटीकडे संशयानं पाहिलं. "सेहेचाळीस? गेल्या साली चव्वेचाळीस होते मी. अच्छा, म्हणजे एवढे दिवस गाईंना खुराक म्हणून माझी हाडं मोजली. त्यात कुठलं दूध?"

या वेळी बाबा हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. मग आत जाऊन धान्य ठेवायची लाकडी घडवंची स्वतः उचलून आणली आणि हौदाला न टेकवता, हातभर अंतर सोडून जमिनीवर मांडली. हलवून पाहिली.

"सखूबाई," ते म्हणाले, "यावर उभं राहून टाकता का? म्हणजे, तुम्हाला वेळ असेल तर."

सखूमावशीनं रस्त्याकडे पाहिलं. गौरीकडे पाहिलं. नव्या लुगड्याचा पदर खोचला. "नवं लुगडं खराब होईल," म्हणाली आणि घडवंचीवर चढली.

एक टोपली. पेटीवर वीस. दुसरी, चाळीस. स्वानंदी आकडे मोठ्यानं वाचत होती. साठ. ऐंशी. पाचवी टोपली सखूमावशीनं कडेवर तिरकी धरली आणि हळूहळू सोडली. नव्वद. पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. टोपली रिकामी झाली, पण पीं वाजली नाही. सखूमावशीनं टोपली उलटी करून बुडावर एक थापटी मारली. वेताच्या विणीत अडकलेला चुरा खाली पडला.

पीं.

"सखूबाई, टोपली तुमची बरोबर होती," बाबा म्हणाले.

"बरोबर होती की वीस होती?"

"वीस होती."

"हां. मग तसं म्हणा."

रस्त्यावर मॅजिकनं दोनदा हॉर्न दिला. सखूमावशीनं हातातली टोपली खाली ठेवली नाही. देवकरणला म्हणाली, "जा, त्याला सांग, पुढच्या रविवारी. शेव तेवढी त्याच्या हातून पाठव, लेक अड्ड्यावर येऊन घेईल. आणि तिला सांग म्हणावं, दोन दिवस राहीन, जास्त नाही. इथं ह्यांना वजाबाकी येत नाही."

बुधवारी संध्याकाळी पाचव्या कॅनच्या तळाशी दूध पडलं, शनिवारपर्यंत तो अर्ध्यावर आला. मशीन परत गेलं नाही, आणि कंपनीच्या माणसालाही बाबांनी येऊ नको म्हणून कळवलं. बाबा आता दर पदार्थाच्या आधी पेटीकडे पाहायचे आणि रेघ दिसली की सगळ्यांना थांबवायचे. शनिवारीच त्यांनी देवघरातून ते पुस्तक काढलं. आणखी काय काय राहून गेलंय ते बघू, म्हणाले. कुंकू झटकलं, प्लास्टिक फाडलं आणि अंगणात सगळ्यांसमोर वाचायला बसले. चौथ्याच पानावर थांबले.

"वजन चालू असताना पायरीवर कुणीही उभं राहू नये," त्यांनी वाचलं. "त्याचं चित्र पायरीशेजारच्या पत्र्यावर लावलेलं आहे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठंय चित्र?"

सगळ्यांनी पायरीशेजारच्या पत्र्याकडे पाहिलं. तिथं दोन वीतभर, चांगलं जाड, चार ठिपक्यांसह, शेंदराचं स्वस्तिक होतं.

"हे कुणी काढलं होतं?" बाबांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

स्वानंदीचा चेहरा शेंदरासारखा झाला. तिनं तेव्हा पत्र्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. गुळगुळीत दिसला, काढलं. "मी," ती म्हणाली. "पण पुस्तक देवाला वाचायला तुम्ही दिलं होतं."

आईनं पुन्हा पदर तोंडाला लावला. सखूमावशी गौरीच्या गळ्याखाली खाजवत म्हणाली, "राहू दे नंदी. देवाचंच नाव काढलंस ना. आता पूस."

स्वानंदीनं रॉकेलमध्ये चिंधी बुडवली आणि पत्र्यासमोर मांडी घालून बसली. आधी ठिपके गेले, मग एकेक हात. शेंदराखालून हळूहळू एक छोटा काळा माणूस बाहेर आला, पायरीवर उभा, आणि त्याच्या अंगावर लाल फुली. तिनं त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. चिंधी ठेवून दिली. मग आत जाऊन दप्तरातली रंगाची पेटी आणली, ब्रश पाण्यात बुडवला, आणि जीभ दातांत धरून त्या माणसाच्या डोक्यामागे एक अंबाडा काढला, कपाळावर कुंकू लावलं, खांद्यावरून पदर घेऊन कमरेला खोचला. फुलीला मात्र तिनं हात लावला नाही. त्याच्या शेजारी, जमिनीवर, मोकळ्या जागेत, तिनं एक चार पायांची घडवंची काढली, आणि तिच्यावर पाच टोपल्या.